सिंहासनाजवळ तराजू नव्हता

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२४

गुरू,

जय भीम. परवा फोनवर मी पंधरा मिनिटं बोललो आणि शेवटी तू "वहिनींना नमस्कार सांग" म्हणून फोन ठेवलास. मी काय विचारलं ते तुला कळलं नाही, एवढं मला कळलं. म्हणून हे पत्र. तुझ्या कानाच्या यंत्रावर आता माझा विश्वास नाही. पोस्टमनवर आहे.

काम असं आहे. राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली म्हणून सयाजीआबांनी सुवर्णनाणे समिती काढली आहे. हद्दीवरचा खासगी साखर कारखाना आबांचा, तुझी अवंतिका इतिहास शिकवते ते कॉलेज आबांचं, आणि आता इतिहासही थोडाफार त्यांचाच. दहा ग्रॅमची तीनशे एक्कावन्न नाणी पाडायची. तीनशे पन्नास पाहुण्यांना आणि एक आबांना. ते आबांनी स्वतःच्या हस्ते स्वतःला अर्पण करायचं आहे.

ठसा कापायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस वर्षांपूर्वी इथल्याच फौंड्रीत वाळू चाळायला लागलो होतो, आज बारा माणसं हाताखाली आहेत. पण बैठकीत माझी ओळख "हे आपले डायवाले" एवढीच झाली. चहा मात्र सगळ्यांच्या आधी मिळाला, कारण दाराशी मीच बसलो होतो.

बैठक तीन तास चालली. त्यातले दोन तास तारीख की तिथी यावर गेले. शेवटी तिथी ठरली, कारण सहा जूनला आबांच्या पुतण्याचं लग्न आहे. नाण्याच्या पुढच्या बाजूला सिंहासन, छत्र आणि राजचिन्हं. मागच्या बाजूला "प्रेरणास्थान" म्हणून आबा. मी चेष्टेनं विचारलं, "मागंबी छत्र दावायचं का, आबा?" आबा म्हणाले, "दावा की." आणि त्यांच्या आकारामनं ते वहीत लिहूनही घेतलं. हा आकाराम म्हणजे आबांचा उजवा हात, डावा हात आणि बऱ्याचदा तोंडही.

तर राजचिन्हं नेमकी कोणती, ते तू लिही. तीस वर्षं पोरांना शिकवलंस, आता मला शिकव. समितीलाही एक प्रत लागेल. "तज्ज्ञ-अभिप्राय" म्हणून ती नाण्याच्या डबीत छापून घालणार आहेत.

तुझा
नागसेन

*

कुरुंदवाड
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय नागसेन,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचले. यंत्राबद्दल तू लिहिलेस ते खरे आहे. गर्दीत आणि लाउडस्पीकरजवळ ते शिट्टी वाजवते, म्हणून मी ते खिशात ठेवतो. तेथे ते शांत असते.

राजचिन्हांविषयी शंकेला जागा नाही. समारंभाला आलेल्या इंग्रज वकिलाने जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेले भाले होते. उजवीकडच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची मस्तके, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका फार उंच भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. दोन्ही पारडी समान. तो न्यायाचा तराजू होता. नागसेन, बाकी काही गाळायची वेळ आली तर गाळ, पण तराजू गाळू नकोस. मासा समुद्रावरची सत्ता सांगतो, शेपटी घोडदळाची ताकद सांगते. ही सत्ता कशासाठी आहे, ते फक्त तराजू सांगतो.

हे सगळे दोन पानी अभिप्रायात लिहून, वहीत नक्कल ठेवून, समितीला आजच पाठवत आहे.

अवंतिका बरी आहे. सात वर्षे तासिका तत्त्वावरच शिकवते आहे. रोज एस्टीने जाऊन येऊन चार तास मोडतात. मे महिन्यात कायम होण्याची मुलाखत आहे. अर्थात त्याचा या विषयाशी संबंध नाही.

तुझा
गुरुप्रसाद

*

कोल्हापूर
९ मार्च २०२४

गुरू,

तुझा अभिप्राय समितीत वाचला गेला. त्याचं काय झालं ते क्रमानं सांगतो. पाण्याचा पेला जवळ घेऊन बस.

आधी मासा गेला. समितीतले एक हॉटेलवाले म्हणाले, "दातवाला मासा काढला तर लोकांस्नी वाटंल खानावळीचं टोकन हाय." दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं, कारण त्यांच्या घरी सोमवार असतो. नाण्याला वार कसा लागतो, हे कुणी विचारलं नाही.

मग शेपटी गेली. आबांचे मेहुणे म्हणाले, "घोडं न्हाय आन् नुसतं शेपूट? पळून गेल्यागत दिसतंय." मी म्हणालो, घोडा काढतो. तर म्हणाले, घोडा काढला तर आबांच्या बाजूलाही काढावा लागेल, आणि आबांना घोड्यावर बसवत नाही, गुडघा दुखतो.

राहिला तराजू. त्यावर कुणीच काही बोललं नाही म्हणून मी खूश झालो. ठसा कापला. सगळं उलटं आणि खोल कोरायचं, हे तुला माहीत आहेच. पारडी अशी कापली की दोरीचा पीळ दिसावा. सोन्याआधी शिशावर एक छाप काढली आणि आबांपुढे ठेवली. आबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "छान हाय," म्हणाले आणि शिशाचं नाणं माझ्याच हातात परत दिलं. छान असलेली वस्तू आबा परत देत नाहीत, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे.

बाहेर आल्यावर आकारामनं मला जिन्याखाली घेतलं. "दादा, ह्यो तराजू काढा की."

"का रं? मास्तरांनी लिवलंय की."

"मास्तर लिवतील वो. मास्तरांचा ऊस कुठं कारखान्याला येतोय?"

आता कळलं? गेला महिनाभर ऊसवाले आबांच्या कारखान्यापुढं वजनकाट्यावरून बसले आहेत. म्हणतात, आबांच्या काट्यावर हत्ती चढवला तर उतरताना शेळी होऊन उतरतो. खरं-खोटं मला माहीत नाही, मी काही ऊस लावत नाही. पण माझ्या प्रेससमोरच्या टपरीवर हा एकच विषय आहे, आणि माझे कान तिखट. चाळीस वर्षं प्रेसच्या धडधडीत काढली की कान एक तर तुझ्यासारखे होतात नाही तर माझ्यासारखे. अशात सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला तराजू आणि दुसऱ्या बाजूला आबा! आबांना झोप कशी लागावी?

पण उघड "तराजू काढा" म्हणायची सोय नाही. म्हणून त्यांना कागद हवा आहे की सिंहासनाजवळ तराजू नव्हताच. तो तज्ज्ञानं द्यायचा. तज्ज्ञ म्हणजे तू. आकाराम तुझ्याकडे येतोय. त्याला पोहे घाल आणि परत पाठव.

नागसेन

*

कुरुंदवाड
३० मार्च २०२४

प्रिय नागसेन,

उत्तरास विलंब झाला. प्रकृती ठीक आहे.

श्री. आकाराम येऊन गेले. चर्चा सौहार्दपूर्ण झाली. त्यानंतर मी साधनांचा पुनर्विचार केला. इंग्रज वकील परका होता, दूर उभा होता, आणि त्याला आपल्या चालीरीती अपरिचित होत्या. उंच भाल्याच्या टोकावरची वस्तू खालून नेमकी काय दिसली असेल, हे सांगणे अवघड आहे. एखादे शोभेचे कमळही असू शकेल. इतिहासात अंतिम असे काही नसते. समितीला मी तसा सुधारित अभिप्राय दिला आहे.

तू कमळ फार सुरेख काढतोस, हे मला आठवते.

तुझा
गुरुप्रसाद

*

कोल्हापूर
४ एप्रिल २०२४

गुरू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पाकीट बदललं. दुसऱ्यांदा वाटलं, तुझी तब्येत बिघडली. तिसऱ्यांदा कळलं की "चर्चा सौहार्दपूर्ण झाली" हे वाक्य तुझं नाही. तुझ्या घरात चर्चा कधी सौहार्दपूर्ण होत नाही. माझ्याशी तू जेवणाच्या ताटावर भांडतोस.

कमळ! लांबून तराजूचं कमळ दिसतं, हे मला नवीन आहे. मग आमच्या भाजी मंडईत सगळा बगीचाच म्हणायचा.

एक आठवण देतो. आठवीत मी रायगडाचा नकाशा काढला होता. तो दुसऱ्याच पोराच्या नावानं भिंतीवर लागला. साहेब तपासणीला आले, नकाशापुढं थांबले, "कोणी काढला?" म्हणाले. मी खाली बघत होतो. मला सवय होती खाली बघायची. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "नागसेननं." साहेब गेल्यावर तुला चार छड्या बसल्या. घरी जाताना तू हातावर थुंकी लावत होतास आणि वर मलाच शिव्या घालत होतास की कड्याची बाजू चुकीची काढलीस. मी आज ठसे कापतो, त्याचं एक कारण तो नकाशा आहे, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो, कारण आज तुला लाज वाटावी अशी माझी इच्छा आहे.

आता दुसरी गोष्ट. काल आकाराम नवीन ठशाची चौकशी करायला आला. मी प्रेसवर होतो. त्याला वाटलं, एवढ्या आवाजात मला काय ऐकू येणार. फोनवर म्हणाला, "मास्तरांचा कागद आलाय. पोरीची ऑर्डर टेबलावर हाय. नाणी वाटून झाली की आबा सही करत्यात."

तर असं आहे. मी तुला दोष देत नाही. दिला असता तर हे पत्र याच्या निम्मं झालं असतं. पण कमळाची गोष्ट मला कशाला सांगितलीस? मला खरं सांगायचं होतंस. अवंतिकाला माहीत आहे का?

नागसेन

*

कुरुंदवाड
११ एप्रिल २०२४

नागसेन,

तिला माहीत नाही. आणि तू सांगायचे नाहीस.

तू मला लाज वाटावी म्हणून लिहिलेस. तेवढे कष्ट घ्यायला नको होते. आकाराम पोहे खाऊन म्हणाले, "मास्तर, एक तराजू का एक पोरगी, तुमीच तोला." मी तोलले. छत्तीस वर्षांची आहे ती. पहाटे उठून डबा करते, एस्टीत उभी राहून जाते, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज करते, जणू कॉलेजने तिला पाहिलेलेच नाही. मी निवृत्त, तिची आई नाही. माझ्यामागे तिच्याजवळ काय राहील? माझ्या वह्या?

महाराजांचा तराजू साडेतीनशे वर्षे आहे तेथे आहे. माझ्या एका सहीने त्याचे काही होणार नाही. जे व्हायचे ते माझे होईल, आणि ते झाले आहे.

हे पत्र फाडून टाक.

गुरुप्रसाद

*

कोल्हापूर
२ जून २०२४

गुरू,

पत्र फाडलं. अवंतिकाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

दुसरा ठसा कापून दिला. पहिला कपाटात तेल लावून ठेवला आहे. पोलादाला राग नसतो, ते वाट बघतं. नवीन नाण्यावर आता सिंहासन आहे, छत्र आहे, आणि बाजूला रिकामे भाले. त्यातला एक बाकीच्यांपेक्षा फार उंच. आकारामनं विचारलं, "ह्यो एवढा उच्चा कशापायी?" मी म्हणालो, "मास्तर म्हणतात, भाला उंच होता. वर काय होतं ते दिसत न्हाय." त्याला पटलं. कमळ मी काढलं नाही. तेवढं मला जमलं नाही, माफ कर. मागच्या बाजूला आबा छत्राखाली आहेत. छत्र महाराजांच्या छत्रापेक्षा दोन सूत मोठं आहे, कारण आबांचं डोकं मोजून घेतलं होतं.

समारंभ वीस जूनला, कॉलेजच्या मैदानावर. मंडप भरायला कारखान्याचे ऊसवाले ट्रकनं आणणार आहेत. तू मंचावर. तुझा अभिप्राय तिथं वाचला जाणार आहे. मला पास आलेला नाही, पण मी येणार. सूत्रसंचालन कोण करणार ते तुला कळलं असेलच. कॉलेजात इतिहासाचं फुकट काम कुणाच्या गळ्यात पडतं?

तिची मुलाखत छान झाली म्हणे. आबांनी तिला एकच प्रश्न विचारला, "वडलांची तब्येत बरी हाय न्हवं?"

नागसेन

*

कुरुंदवाड
२२ जून २०२४

प्रिय नागसेन,

तुला भेटता आले नाही. गर्दीत तू मागे, जनरेटरपाशी उभा दिसलास. तुला कोणी खुर्ची दिली नाही, याचे वाईट वाटले.

मी मंचावर होतो. शाल, नारळ, फेटा, नाण्याची डबी, सगळे झाले. शेजारीच लाउडस्पीकर होता, त्यामुळे यंत्र खिशात होते. अवंतिका माझा अभिप्राय वाचायला उभी राहिली. माझ्याच मुलीच्या तोंडून माझे खोटे मला ऐकावे लागले नाही, यासाठी मी प्रथमच बहिरेपणाचे आभार मानले. मी तिच्या ओठांकडेही पाहिले नाही. शालीच्या काठाकडे पाहत बसलो.

पण लोकांकडे नजर गेलीच. आधी सगळे शांत होते. मग पुढच्या रांगेतले फेटेवाले शेतकरी उभे राहिले, मग मागचे, आणि सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. नागसेन, माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या, आणि मिळाल्या त्या याला! आबांचा चेहरा गंभीर झाला. भावनावश झाले असावेत. ते माईक घेऊन दोन शब्द बोलले. मग तू हात वर करून काहीतरी म्हणालास आणि लोक हसले. तुला का हसले? तुझा अपमान तर झाला नाही?

एस्टीत अवंतिका खिडकीबाहेर पाहत होती. तिने माझा हात धरला होता. मला वाटते, तिला सगळे कळले आहे. ते सोन्याचे नाणे मी देव्हाऱ्यात ठेवलेले नाही. फळीवर, औषधांच्या मागे ठेवले आहे. आता मी काय करावे ते तू सांग.

तुझा
गुरुप्रसाद

*

कोल्हापूर
२५ जून २०२४

गुरू,

खुर्चीवर बस. आता तू ज्या समारंभाला गेला होतास तो कसा झाला, ते तुला सांगतो. तू फक्त पाहिलास. मी ऐकला.

अवंतिका उभी राहिली. आकारामनं तिच्या हातात छापील कागद दिला. तिनं त्याची घडी घातली आणि पर्समधून तुझी निळी वही काढली. म्हणाली, "हा माझ्या वडिलांचा, गुरुप्रसाद सरांचा अभिप्राय. दिनांक वीस फेब्रुवारी." आणि वाचला. दोन्ही पानं. मासे वाचले, शेपट्या वाचल्या. मग थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "एका फार उंच भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. दोन्ही पारडी समान. तो न्यायाचा तराजू होता." "बाकी काही गाळले तरी तराजू गाळू नये" हे वाक्य तर तिनं दोनदा वाचलं. तुझ्या सहीसकट.

तेव्हा मंडप शांत होता तो यासाठी. उठला तोही यासाठी. ट्रकनं आणलेले ऊसवाले ते. आबांनी स्वतःच्या डिझेलनं आणलेले.

समोरच्या पाहुण्यांनी डब्या उघडल्या, नाणं उजेडात धरलं. एक आवाज आला, "आबा, भाला हाय, तराजू कुठं गेला वो?" आबा भावनावश वगैरे झाले नव्हते, गुरू. ते घामानं भिजले होते. पण माणूस मुरलेला. माईक घेतला आणि म्हणाले, "आमी तराजूच सांगितला हुता. डाय करणाऱ्याची चूक झाली."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. पहिल्यांदाच त्या मंडपात मला जागा मिळाली. मी हात वर केला आणि ओरडलो, "व्हय आबा, चूक माझीच! तराजूचा ठसा तयार हाय. सगळी नाणी परत द्या, आठ दिसांत वितळवून तराजूसकट पाडून देतो!" लोक हसले ते त्यावर. आबांनाही हसावं लागलं आणि "हां, द्या" म्हणावं लागलं. हजार माणसांसमोर म्हणाले. त्यात कागद-सही काही लागलं नाही. काल तीनशे एकोणपन्नास नाणी माझ्याकडे जमा झाली. एक आबांचं राहिलंय, आणि एक तुझ्या औषधांमागं.

आता वाईट भाग. लपवून ठेवला तर तू मला कमळ म्हणशील. दुसऱ्याच दिवशी अवंतिकाला सांगितलं की जुलैपासून तासिका नाहीत. टेबलावरची ऑर्डर ड्रॉवरमध्ये गेली. ती माझ्याकडे आली होती, थेट प्रेसवर. मी विचारलं, "तुला कधी कळलं?" म्हणाली, "मार्चमध्येच. काका, बाबांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते कुजबुजतात तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जातं. आकाराम आला त्या दिवशी शेजारच्या आक्कांनी मला एस्टी स्टँडवरच सांगितलं."

तू जे लपवत होतास ते कुरुंदवाडात फक्त तुझ्यापासूनच लपलेलं होतं.

मी म्हणालो, "मग मुलाखतीला का गेलीस?" म्हणाली, "ऑर्डर मला हवीच होती. मिळेल तर घेणार होते. पण स्टेजवर उभी राहिले तर समोर माझीच पोरं बसलेली. सात वर्षं मी त्यांना फळ्यावर तो तराजू काढून दाखवते. तो नव्हता, असं त्यांच्या तोंडावर कसं वाचायचं?" मग नाक पुसून म्हणाली, "गगनबावड्याच्या कॉलेजात अर्ज टाकलाय. तिथं पाऊस फार आहे, पण छत्री माझी मी घेईन." आणि म्हणाली, "बाबांना तुम्हीच लिहा. मी सांगायला गेले तर गल्ली आधी ऐकेल."

तर तू विचारतोस काय करावं. अवंतिकाकडे जा, यंत्र कानात घाल आणि तिला बोलू दे. तू एक शब्द बोलू नकोस. आठवीत चार छड्या खाल्लेल्या पोराची मुलगी आहे ती, आणि तिला पाचवी छडी बसली आहे. हाताला थुंकी लावायला कुणीतरी लागतं.

सोन्याचं नाणं परतीच्या पोस्टानं पाठव. वितळवायचं आहे. त्याच्या बदल्यात या पाकिटात माझं पहिलं नाणं आहे, मार्चमधलं, तराजूवालं, आबांनी परत दिलेलं. पारडी समान आहेत, मी भिंगातून तपासली आहेत. हे देव्हाऱ्यात ठेवलंस तरी चालेल.

फक्त शिशाचं आहे. हात लावलास तर जेवायच्या आधी साबणानं धू.

नागसेन